पेन्सिलीतले शब्द

बस्त्याव मच्याडो सरांच्या शर्टाच्या खिशाला दोन वस्तू कायम असत. निळ्या-काळ्या शाईचं एक जाड पेन आणि त्याला चिकटून बोटभर उरलेली पेन्सिल. पेन खात्रीच्या गोष्टींसाठी, पेन्सिल शंकेच्या. शिक्षकखोलीत कुणी म्हणालं, "परवा सुट्टी आहे बरं का," की सर चष्म्यावरून बघत आणि विचारत, "कोनी सांगितलं? कुठं सांगितलं? तुम्ही होता का तिथं?" उत्तर पटलं तर डायरीत सुट्टी शाईने लिहीत. नाहीतर पेन्सिलीने. आम्ही त्यांची चेष्टा करायचो, त्यांच्या पाठीमागे आणि समोरही. त्यांना तिचं काही वाटत नसे.

गेल्या महिन्यात आमच्या शाळेतली एक तरुण शिक्षिका माझ्याकडे, एव्हरशाईन सिटीतल्या घरी आली. शाळेचा नवा अंक निघतो आहे, जुन्या सहकाऱ्यांवर काही लिहून द्या म्हणाली. मी मच्याडो सरांचं नाव काढलं. ती हसली. "म्हणजे कुली सर ना? तो किस्सा आम्हाला माहितेय सर. स्वतः कोळी असून त्यांनी 'कुली' शब्द चिन्यांना देऊन टाकला होता!"

ती जन्मलीही नसेल तेव्हाची ही गोष्ट. ती गेल्यावर मी कपाटातून एक फाईल काढली. त्या फाईलीत नऊ फुलस्केप कागद आहेत. मच्याडो सरांनी तो शब्द कुणाला दिला नव्हता. तो मी दिला. हे एवढं एक वाक्य लिहायला मला पंचवीसहून जास्त वर्षं लागली. आता ते लिहून झालं आहे, तेव्हा बाकीचंही सांगतो.

सर पाचूबंदरच्या ख्रिस्ती कोळ्यांपैकी. तरुणपणी मासेमारीत न जाता मालवाहू बोटीवर चढले आणि भटारखान्यात बटाटे सोलू लागले. तिथला मुख्य आचारी लिम नावाचा एक म्हातारा चिनी होता. फावल्या वेळात तो बस्त्यावला सांगायचा की हे साहेब लोक जे इंग्रजी बोलतात, त्यातले बरेच शब्द त्यांनी आमच्याकडून उचलले आहेत. बस्त्यावने एक वही केली. पुढे बोट सुटली, बाहेरून बी. ए. झालं, बी. एड. झालं, वसई गावातल्या आमच्या मराठी शाळेत इंग्रजीची नोकरी लागली. वही मात्र सुटली नाही. चिनी भाषेतून इंग्रजीत गेलेले शब्द हा त्या माणसाचा आयुष्यभराचा नाद होता. हाँगकाँगला, पिनांगला, सिंगापूरला कुणाच्या तोंडून ऐकलं, कुठल्या कोशात सापडलं, कुणी खोडून काढलं, सगळं त्या वहीत. ज्याचा पुरावा मिळाला तो शब्द शाईत. ज्याचा नाही तो पेन्सिलीत, आणि समासात बारीक अक्षरात 'शंका'.

मी मराठी शिकवायचो. शिक्षकखोलीत माझी खुर्ची त्यांच्या शेजारी, म्हणून हे शब्द माझ्या कानावरून रोज जात. वहीतला पहिला शब्द 'टी'. सर कप उचलून म्हणायचे, "पाटणकर सर, पान एकच, बंदरं दोन. इंग्रजाकडे गेला तो एका बंदरातून, 'ते' म्हनून. पोर्तुगीजाकडे गेला तो दुसऱ्या बंदरातून, 'चा' म्हनून. आपन बसलोय पोर्तुगीजाच्या किल्ल्याशेजारी. तेव्हा प्या, आपला जुना पावना आहे."

नववीच्या वर्गात एकदा त्यांनी 'केचप' शिकवला. घरून काचेची बरणी आणली होती. आत खारवलेल्या मासळीचं सुटलेलं पाणी. झाकण उघडून बरणी बाकांवरून फिरवली. एव्हरशाईनच्या मुली नाकाला रुमाल लावून खिडकीकडे पळाल्या, पाचूबंदरची पोरं मान उंच करून बसली. वास मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत गेला.

"मच्याडो, हा इंग्रजीचा तास आहे की मासळी बाजार?"

"केचप शिकवतोय सर."

"केचप टोमॅटोचा असतो!"

"टोमॅटो मागनं आला सर. आधी हे होतं. पिनांगला लिमनं मला चमच्यानं पाजलंय. चव अशीच होती, शपथेवर सांगतो. आनि कोशातही मिळाला."

तो शब्द शाईत होता.

आता 'टायफून'चं ऐका. हाँगकाँगबाहेर त्यांची बोट वादळात सापडली होती. दोन दिवस भटारखान्यात गुडघाभर पाणी, लिमने यांना दोरीने खांबाला बांधून ठेवलं, म्हणून वाचले. बंदराला लागले तेव्हा धक्क्यावरची माणसं 'ताय फुंग, ताय फुंग' ओरडत होती. मोठा वारा. ही हकीकत सांगताना त्यांचा आवाज अजून बारीक व्हायचा. पण वहीत 'टायफून' पेन्सिलीत.

मी म्हटलं, "अहो, तुम्ही त्यात मरता मरता वाचलात. तुमच्या कानांनी ऐकलात. आणखी काय पुरावा पाहिजे?"

"वादळ खरं होतं सर. पन अरबांचा 'तुफान' आहे, ग्रीकांचाही एक आहे. शब्दाचं गाव कोनतं, ते वादळानं मला सांगितलं न्हाय."

आणि त्याच पानावर, खाली, 'कुली'. लिम सांगायचा की तो चिनी आहे. कु म्हणजे कष्ट, ली म्हणजे बळ. सरांना ते पटत नव्हतं. त्यांना वाटे की हा शब्द आपल्या किनाऱ्यावरचा, इथून बोटींबरोबर तिकडे गेला आणि चिन्यांनी त्याला आपला अर्थ चिकटवला. कोशांतही काहींनी त्याचं नातं 'कोळी'शी जोडलं होतं. मी एकदा विचारलं, "मग तसं शाईत लिहून का टाकत नाही?"

ते म्हणाले, "माझ्या जातीचं नाव आहे. ते खरं असावं असं मला लई वाटतं. लई वाटतं म्हनूनच शाई लावत न्हाय."

शाळेचा सुवर्णमहोत्सव आला, तेव्हा स्मरणिकेचं संपादन माझ्याकडे दिलं. संस्थेच्या चिटणीसांनी सरांना आणखी एक शब्द दिला होता. स्मरणिकेत त्यांचा लेख येईल. तो लोकांना आवडला तर संपूर्ण वहीचं छोटं पुस्तक संस्था छापेल, आणि तशी घोषणा समारंभातच होईल. सरांनी आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं. पुस्तकाचं नाव ठरलं होतं, मुखपृष्ठावर शिडाची होडी काढून झाली होती. ते चित्र त्यांनी डायरीत घालून ठेवलं होतं आणि दिवसातून दोनदा मला दाखवत.

लेखाचे नऊ फुलस्केप कागद त्यांनी माझ्या हातात दिले, तेव्हा म्हणाले, "पेन्सिल आनि शाई वेगळी दिसली पायजे, सर. छापताना पेन्सिलीचे शब्द तिरक्या टायपात घ्या. समासातल्या शंका तळटिपेत. तेवढं एक करा."

मी हो म्हणालो.

छापखाना स्टेशनजवळ. समारंभाला आठवडा राहिला असताना तिथल्या टाईप करणाऱ्या बाईंनी निरोप पाठवला की मच्याडोंचं पेन्सिलीचं लिखाण दिसत नाही, शाईने गिरवून द्या, नाहीतर पानं कोरी जातील. दुपारच्या सुट्टीत मी तिथे गेलो. पंखा नव्हता. माझ्या मागे जाहिरातींची माणसं उभी होती, मला पाचव्या तासाला वर्गावर परतायचं होतं. मी खिशातलं माझं निळं बॉलपेन काढलं आणि सरांच्या पेन्सिलीवरून गिरवत गेलो. 'टायफून' गिरवला. 'टायकून' गिरवला. 'कुली' गिरवला, त्यापुढचा लिमचा अर्थही गिरवला. समासातल्या शंका बारीक होत्या, खूप होत्या. त्या नाही गिरवल्या.

कारण वेळ नव्हता, असं मी पुढे अनेक वर्षं स्वतःला सांगितलं. ते अर्धंच खरं. मला त्या शंका आवडल्या नव्हत्या. दर चार ओळींनी 'असावा', 'नक्की नाही', 'पुरावा मिळाला नाही'. मला वाटलं, असा लेख वाचून लोक म्हणतील, या माणसाला काही ठाऊकच नाही. मी संपादक होतो. मी त्यांचा लेख ठाम करून दिला. मनातून मला वाटत होतं की मी त्यांच्यावर उपकारच करतो आहे.

बाईंनी विचारलं, "बाजूचं घ्यायचं नाही का सर?"

"राहू द्या," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून सर माझ्या मागे लागले. "प्रूफ आलं का?" "अजून नाही." दोन दिवसांनी पुन्हा, जिन्यात गाठून, "प्रूफ बघू द्या सर. मी छापखान्यात जातो, तुम्हाला तरास नको." तोवर प्रूफ, मूळ कागदांसकट, माझ्या पिशवीत होतं. बघितलं तर ते सगळं बदलायला लावतील आणि अंक वेळेत निघणार नाही, हे मला दिसत होतं. मी म्हणालो, "आलं होतं. मी वाचून परत पाठवलं. चांगलं झालंय."

"तिरका टाईप घेतलाय ना?"

"हो हो."

त्यांनी डायरी काढली. पेन काढलं. टोपण काढून काही लिहिलं, शाईने. काय लिहिलं ते मी बघितलं नाही. पण मला कळलं.

समारंभाला मुंबईहून भाषाशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक पाहुणे म्हणून आले होते. मृदू बोलणारे, हसतमुख. मंडपात हजारभर माणसं. सर पहिल्या रांगेत, नव्या शर्टात, शेजारी पाचूबंदरहून आलेली त्यांची माणसं. चिटणीसांच्या खिशात पुस्तकाच्या घोषणेचा कागद होता, मी तो बघितला होता. पाहुण्यांनी भाषणात स्मरणिका उचलली आणि म्हणाले, की यातला एक लेख मी गाडीत मोठ्या आवडीने वाचला. लेखक इथे आहेत का?

सर उभे राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"आपण कुठले?"

"इथलाच. पाचूबंदर."

"म्हणजे कोळी?"

"हो सर."

"मग मला एक सांगा." पाहुणे हसत होते. "हा 'कुली'. ज्याचं नातं अनेकजण आपल्याच समाजाच्या नावाशी जोडतात, तो शब्द आपण इतक्या खात्रीने चीनला कसा दान करून टाकलात? निदान एक प्रश्नचिन्ह तरी ठेवायचं!"

मंडप हसला. वाईट हसू नव्हतं ते, पण हजार माणसांचं होतं. सर तसेच उभे. त्यांना अंक मिळालेला नव्हता. शेजारच्या माणसाच्या हातातला अंक त्यांनी घेतला, पान उघडलं आणि वाचलं. उभ्या उभ्या, सगळं पान. मंडप हळूहळू शांत झाला. मग त्यांनी मान वर केली आणि व्यासपीठावर माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. विसरलेलं काही मी त्यांना आठवून द्यावं, असं काहीतरी त्या बघण्यात होतं.

मी समोरचा पाण्याचा पेला उचलला आणि प्यालो.

चिटणीसांचा कागद खिशातच राहिला. संध्याकाळी मासळीच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायकांनी सरांना बाजारात अडवलं म्हणे. "बस्त्याव, आमचं नाव चिन्याला देऊन आलास? बदल्यात काय आनलंस रे, रेशीम?" एरवी सर त्यांना दुप्पट ऐकवून आले असते. त्या दिवशी खाली मान घालून गेले, असं दुसऱ्या दिवशी आमच्या शिपायाने सांगितलं.

पुढच्या शनिवारी चिटणीसांनी आम्हा दोघांना बोलावलं. पाहुण्यांसमोर संस्थेचं हसं झालं होतं.

"मच्याडो, तुम्ही असं लिहिलं होतं की नव्हतं?"

"माझ्या वहीत हा शब्द पेन्सिलीत आहे सर. शंका लिहिली आहे."

"वहीचं सोडा. पाटणकरांना जे कागद दिले, त्यात काय होतं?"

सर माझ्याकडे वळले. चिटणीसही. मला उत्तर द्यायला एक क्षण मिळाला होता. त्या क्षणात मला खूप काही सुचायला हवं होतं. पुढच्या वर्षी मी पर्यवेक्षक होणार होतो म्हणून मी घाबरलो, असं मी एकदा बायकोला सांगितलं. कारण एवढं मोठंही नव्हतं. मला फक्त लाज वाटली.

"जसं आलं तसं छापलं," मी म्हणालो.

"कागद आहेत?"

"छापखान्यात हरवले बहुतेक."

कागद माझ्या घरी होते.

चिटणीस म्हणाले, "बघा मच्याडो. आता बोला."

मी त्यांचा चेहरा बघत होतो. तिथे काय चाललं होतं ते मला स्पष्ट दिसत होतं. ते स्वतःलाच विचारत होते, कोनी सांगितलं, कुठं सांगितलं, तू होतास का तिथं? शेवटी म्हणाले, "मी शंका लिवली होती असं मला वाटतं. पन कागद समोर न्हाय. नक्कल उतरवताना राहून गेली असेल तर? पाटणकर सर खोटं बोलतात, असं म्हनायला माझ्याकडे पुरावा न्हाय."

त्यांचा नियम त्यांनी माझ्याबाबतीतही पाळला.

चिटणीसांनी सरांकडे लेखी माफीची मागणी केली. सरांनी तिथेच कागद घेतला, खिशातून पेन्सिल काढली आणि लिहिलं, 'चूक माझी असावी.'

"माफी पेन्सिलीने?" चिटणीस ओरडले. "थट्टा करता?"

"जेवढी खात्री आहे तेवढंच लिवलंय सर."

मग कारकुनाने माफीपत्र टाईप केलं. त्यात 'असावी' नव्हतं. सही करताना सरांनी आपल्या पेनाला हात लावला आणि काढून घेतला. माझ्याकडे हात पुढे केला. मी माझं निळं बॉलपेन दिलं. त्याच पेनाने त्यांनी सही केली आणि 'थँक्यू सर' म्हणून ते परत दिलं.

पुस्तकाचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही. निवृत्तीपर्यंत सरांनी क्रमिक पुस्तकाबाहेरचा एक शब्द शिकवला नाही. मुलं मागून 'कुली सर' म्हणत आणि ते ऐकू आल्याचं दाखवत नसत. त्यांच्या खिशाला आता फक्त पेन्सिल असे. हजेरीपट शाईनेच भरावा लागतो, म्हणून रोज सकाळी ते कुणाचं तरी पेन मागत. बहुतेकदा माझं. हवामान, निकाल, लग्नाची तारीख, स्वतःच्या निवृत्तीचा दिवससुद्धा डायरीत पेन्सिलीने. ज्या माणसाला आपल्याला काय माहीत आहे आणि काय नाही याची पक्की खबर होती, त्याची ती खबरच मी काढून घेतली होती.

सात-आठ वर्षांनी कळलं की ते आजारी आहेत. मी नऊ कागद पिशवीत घातले आणि पाचूबंदरला गेलो. सांगायचंच, असं ठरवून. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांबूंवर बोंबील वाळत होते. सर ओट्यावर खुर्चीत बसले होते, अर्धे झालेले. मला बघून आनंदले.

"या पाटणकर सर. पोर्तुगीजाचा चा घेनार की इंग्रजाचा?" आणि आत बघून सुनेला, "बाय, दोन कप आन."

मांडीवर वही होती. ती वही मी इतक्या वर्षांनी बघत होतो. आणि खिशाला पेन होतं. ते आज कशासाठी, मी विचारलं नाही. त्यांनी वहीचं शेवटचं पान उघडून माझ्याकडे वळवलं. पेन्सिलीने दोन ओळी होत्या. 'कुली. स्मरणिकेत शंका छापली नाही. मी लिहायला विसरलो, किंवा' आणि त्यापुढे माझं आडनाव, तसंच बारीक, पेन्सिलीत. समासात लिहिलं होतं, 'शंका. पुरावा नाही.'

"ही एकच नोंद पक्की करायची राहिलीय," ते म्हणाले. "बाकी वहीचं काय ते पोरं बघतील."

आवाजात दोष देणं नव्हतं. 'टायफून'बद्दल बोलत तसेच बोलत होते. त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण काढलं आणि उघडं पेन वहीवर, आमच्या दोघांच्या मध्ये ठेवलं.

पिशवी माझ्या पायाशी होती. कागदांची कड मला वरून दिसत होती. त्यांच्या पेन्सिलीवरची माझी निळी शाई आणि समासातल्या न गिरवलेल्या शंका, सगळं तिथे, हातभर अंतरावर. सुनेने चहा आणला. तो आम्ही प्यालो. ते लिमबद्दल बोलले, मी एव्हरशाईनमधल्या पाणीटंचाईबद्दल. पेन वहीवर पडून होतं. निबेवरची शाई वाळत चालली होती.

मग मी म्हणालो, "निघतो, रिक्षा मिळायची नाही पुढे."

"या," ते म्हणाले.

महिनाभरात ते गेले. ते कागद आता मी शाळेला देतो आहे, या लेखाबरोबर. नवीन अंकात हवं तर त्या कागदांचं छायाचित्रही छापा, पण समासातल्या शंका दिसतील असं छापा. आणि सरांच्या घरून वही मागवून तिच्यातली ती शेवटची नोंद शाईत करा. ते विसरले नव्हते. पुरावा माझ्याकडे होता.

त्या दिवशी वाळत घातलेल्या बोंबलांपाशी पोचल्यावर मी वळून बघितलं. सर मान खाली घालून पेनाला टोपण लावत होते. ते पहिल्या खेपेला बसलं नाही.